अकरा-दहाचा काटा

१

रोज सकाळी अकराला पाच मिनिटं कमी असताना मी मधल्या खोलीतल्या टेबलाशी जाऊन बसत असे. तोवर बाबांची आंघोळ, त्यांची औषधं आणि आमचा दुसरा चहा उरकलेला असायचा. कॉलेजच्या प्रयोगशाळेत मी तंत्रज्ञ आहे, माझी पाळी दुपारी एकची. त्यामुळे अकरा ते साडेअकरा हा अर्धा तास माझा होता. खरं तर माझा आणि बाबांचा.

बाबा एकतीस वर्षं जहाजांवर रेडिओ ऑफिसर होते. दीड वर्षापूर्वी अर्धांगवायूने त्यांची उजवी बाजू नेली आणि वाचाही नेली. डॉक्टरांनी बोट ठेवून बोलायला अक्षरांचा तक्ता दिला. बाबांनी तो एकदा वरखाली पाहिला आणि डाव्या हाताच्या बोटाने पलंगाच्या कठड्यावर टकटक केली. "हे बालवाडीसाठी," असं ते मोर्समध्ये म्हणाले. मी आठ वर्षांची असताना त्यांनीच मला मोर्स शिकवलं होतं आणि एकोणिसाव्या वर्षी हौशी रेडिओचा परवानाही काढायला लावला होता. त्या दिवसापासून आमचं बोलणं कठड्यावर चालू झालं. दिवसभर बाबांकडे बघायला येणाऱ्या मावशी म्हणाल्या, "सुतारपक्षी पाळलाय की काय तुम्ही."

लहानपणापासून बाबा मला ठमे म्हणत. कठड्यावरही ठमेच.

लूपचा, म्हणजे वेटोळ्या एरियलचा, हट्ट त्यांचा. जहाजावर ज्या लहरींवर त्यांनी आयुष्य काढलं, त्या रेडिओच्या पट्टीत अगदी तळाला. आता तिथे जहाजं बोलत नाहीत. हौशी लोकांना मात्र तिथली एक चिंचोळी जागा मिळाली आहे. "मला एकदा खाली जायचंय, ठमे," बाबांनी एका दुपारी ठोकलं. इतक्या खालच्या लहरी सोडायला शे-दोनशे मीटर तार उंच ताणावी लागते आणि आमच्या इमारतीची कमिटी गच्चीवर कपड्यांची दोरीसुद्धा बांधू देत नाही. मग उरतं ते लूप. तारेची लांबी गुंडाळून घरात बसवायची.

मी तीन महिने खपले. पुरुषभर उंचीची लाकडी चौकट, तिच्यावर बोटाएवढ्या जाडीच्या केबलचे नऊ वेढे आणि वेढ्यांच्या दोन टोकांमध्ये वीज साठवणारा कपॅसिटर. बाबा पलंगावरून मुकादमी करत. "वेढ्यांत अंतर सारखं ठेव." "तो सांधा पुन्हा कर, थंड डाग आहे." पहिला कपॅसिटर पंधरा मिनिटांत निळ्या ठिणग्या मारून मेला, कारण वीज थोडी सोडली तरी लूपच्या त्या टोकांवर हजारो व्होल्ट उभे राहतात. मग कप्तानांनी त्यांच्याकडचा काचेचा, हवा काढलेला कपॅसिटर पाठवून दिला.

कप्तान कधीच कप्तान नव्हते. ते बाबांच्या जहाजावर भांडारपाल होते. एकदा खऱ्या कप्तानाची टोपी घालून त्यांनी बंदरात फोटो काढून घेतला आणि ते नाव चाळीस वर्षं चिकटून राहिलं. आता ते आमच्यापासून साठ-सत्तर किलोमीटरवर मुलाच्या मळ्यात राहतात, तिथे त्यांची लांबलचक तार आहे. रोज अकराला मी त्यांना हाक देई, ते उत्तर देत आणि स्पीकरचा आवाज मोठा ठेवला की आतल्या खोलीत बाबांना सगळं ऐकू जाई. पहिल्या दिवशी कप्तानांची टिपटिप त्या खरखरीतून वर आली तेव्हा बाबांचं बोट त्याच तालात कठड्यावर चालू लागलं. मावशींनी पदराने त्यांचे डोळे पुसले.

२

पंधरवडा झाला असेल. एकदा बोलणं संपल्यावर कप्तानांचा फोन आला.

"पोरी, तुझा आवाज मध्येच बसतो. अकरा वाजून दहा मिनिटांनी. रोज."

"हवेमुळे असेल, कप्तानकाका."

"हवा घड्याळ लावून येते होय? लूपजवळ कोण येऊन उभं राहतं त्या वेळी?"

लूपची ही एक खोड आहे. ते फार हळवं असतं. एका बारीकशा जागी जुळवून ठेवलं की कुणी नुसतं जवळ आलं तरी ती जुळणी बिघडते आणि लहर किती जोरात जातेय ते दाखवणाऱ्या टेबलावरच्या मीटरचा काटा पडतो. माणसाचं शरीर म्हणजे खाऱ्या पाण्याची पिशवी, लूपला ती लगेच जाणवते.

"कोणी नाही," मी म्हणाले. "मी तीन मीटरवर टेबलाशी असते. मावशी स्वयंपाकघरात."

"मग सांधा बघ एखादा. तापला की सुटत असेल."

दुसऱ्या दिवशी मी कप्तानांच्या टिपटिपीकडे कमी आणि काट्याकडे जास्त लक्ष दिलं. भिंतीवरच्या घड्याळात अकरा वाजून दहा झाले आणि ऐंशीवर असलेला काटा खाली यायला लागला. अठ्ठ्याहत्तरवर आला, दोन-तीन मिनिटं तिथेच राहिला आणि पुन्हा ऐंशीवर गेला. मी उठून सगळे सांधे तपासले. थंडगार होते.

३

मी काही भाबडी बाई नाही. तीस वर्षं बिघडलेली यंत्रं उघडून बघते आहे. प्रत्येक बिघाडाला एक मुकाट कारण असतं आणि ते शोधेपर्यंत आपण जागचं हलायचं नसतं, एवढंच त्या कामाने मला शिकवलं.

लिफ्ट लोखंडी, म्हणून मी तळमजल्यावरच्या पहारेकऱ्याला सांगून दोन दिवस त्या वेळी लिफ्ट थांबवून घेतली. फ्रीज बंद केला. पाण्याचा पंप कधी चालतो ते विचारून आले. शेजारच्या घरी चौकशी केली, तर ते सगळे नऊलाच कामावर जातात. काटा रोज अकरा-दहाला पडतच होता. सत्त्याहत्तर. शहात्तर. पंच्याहत्तर.

मग मी काट्याचं माप बसवायचं ठरवलं. लूप मधल्या खोलीत होतं, बाबांच्या दाराशेजारच्या भिंतीला लागून. आमचं घर आगगाडीच्या डब्यासारखं आहे. जिन्यावरून आत आलं की बाहेरची खोली, मग मधली, मग बाबांची, दारं सगळी एका रेषेत. मी फरशीवर दर अर्ध्या मीटरला चिकटपट्टीचे तुकडे लावले, वीज अगदी कमी केली आणि मावशींना एकेका पट्टीवर उभं केलं.

"मी काय देवळातली मूर्ती आहे का," मावशी म्हणाल्या, पण उभ्या राहिल्या. कुठे उभं राहिल्यावर काटा कुठे येतो ते मी लिहून घेत गेले. जुळणी मुद्दाम किंचित बाजूला ठेवली, म्हणजे माणूस जवळ आलं की काटा खाली, लांब गेलं की वर. वहीत छान तक्ता तयार झाला.

त्याच वेळी एक गोष्ट माझ्या लक्षात आली आणि ती मी वहीत लिहिली नाही. मावशी एका पट्टीवरून दुसरीकडे चालत जात तेव्हा काटा सरळ उतरत नसे. बारीक हिसके देत उतरे. प्रत्येक पावलाला एक हिसका.

अकरा-दहाला काटा असाच उतरत होता.

त्या दिवशी तो चौऱ्याहत्तरवर थांबला. तक्त्यात चौऱ्याहत्तर म्हणजे अडीच मीटर. मी लूपपासून अडीच मीटरवरच्या पट्टीकडे बघत बसले. बाहेरच्या खोलीतून मधल्या खोलीत येताना लागणाऱ्या उंबऱ्याच्या जरा आत ती पट्टी होती, तिच्यावर ऊन पडलं होतं आणि उन्हात नेहमीसारखी धूळ तरंगत होती. तिथे काहीही नव्हतं. मी खुर्चीतून उठले नाही. उठून तिथपर्यंत जायचं आणि हात फिरवून बघायचा, एवढं साधं काम होतं.

४

मला वाटलं होतं, जे काही आहे ते लूपकडे येतंय. ते नकोच म्हणून मी रविवारी लूप उचलून बाहेरच्या खोलीत नेलं, जिन्याच्या दारापासून हातभर अंतरावर. मावशींना पुन्हा उभं करून नवा तक्ता केला. माझं गणित साधं होतं. बिघाड लूपमध्येच असेल तर तो लूपबरोबर इकडे येईल आणि काटा पूर्वीसारखाच वागेल.

सोमवारी अकरा-दहाला काटा धाडकन वीसवर आदळला. इतका खाली तो मावशींच्या वेळीही गेला नव्हता. लूपला घासून गेल्यावर जावा तितका. आणि मग हिसके देत तो वर चढायला लागला. पस्तीस. पन्नास. सत्तर. जे आलं होतं ते लूपपाशी थांबलंच नाही. ते लूपला ओलांडून आत निघालं होतं. मी मीटर मांडीवर घेऊन बाहेरच्या खोलीतच बसले होते. ते माझ्या बाजूने गेलं असणार.

एकोणऐंशीवर काटा स्थिर झाला. मी दोन्ही तक्ते शेजारी ठेवले. जुन्या जागेकडे रोज सरकत येणारी आणि नव्या जागेपासून आत लांब जाणारी वाट एकाच ठिकाणी पोचत होती. बाबांच्या खोलीचं दार.

लूप केवळ त्याच्या वाटेत होतं.

मी आत गेले. बाबा जागे होते. त्यांची नजर दाराच्या चौकटीवर होती आणि मी आत आल्यावरही ती माझ्याकडे वळायला वेळ लागला.

"कुठवर आला?" त्यांनी ठोकलं.

मी त्यांना यातलं एक अक्षर सांगितलं नव्हतं.

"कोण, बाबा?"

"माहीत नाही," ते म्हणाले. "ऐकू येतं पण. लाटेवर लाट यावी तसं. ठमे, मला इथून ने."

५

मी काय काय केलं ते सांगते, म्हणजे कुणी मला बसून राहिली म्हणू नये.

जिन्याच्या दाराला आतून कडी, वर कुलूप. काटा पडला. मी स्वतः बाहेर जिन्यात पायरीवर बसले आणि मावशींना मीटरपाशी बसवलं. माझ्यासमोरून कोणी गेलं नाही, आणि आतून मावशी म्हणाल्या, "ताई, पडला बघा." बाबांचा पलंग मी खोलीच्या दुसऱ्या भिंतीला सरकवला. दुसऱ्या दिवशीच्या आकड्यांवरून वाट काढली तर तीही त्या बाजूला वळलेली.

धाकट्या बहिणीला फोन केला. ती नवरा आणि दोन मुलांबरोबर दूरच्या शहरात राहते. सगळं ऐकून घेऊन ती म्हणाली, "ताई, तू शेवटची सुट्टी कधी घेतलीस?" तिचंही चूक नव्हतं. मी तिच्या जागी असते तर हेच विचारलं असतं.

कप्तानांनी मात्र हसण्यावारी नेलं नाही. "लूप मोडून टाक," ते म्हणाले.

"मोडलं तर ते यायचं थांबेल?"

"नाही थांबणार बहुतेक."

"मग मला नुसतं दिसायचं थांबेल, काका."



शेवटी तपासण्यांचं निमित्त करून मी बाबांना दवाखान्यात भरती केलं. तीन दिवस. त्या तीन दिवसांत मी रोज अकराला घरी येऊन मीटर लावून बसले आणि काटा हलला नाही. हायसं वाटलं. मी त्या आनंदात मावशींना एक दिवसाची रजाही देऊन टाकली. चौथ्या दिवशी बाबांना घरी आणलं आणि अकरा-दहाला काटा बघितला. रोज जेवढं अंतर कापलं जात होतं त्याच्या चौपट कापलं गेलं होतं. ते दवाखान्यातही चालतच होतं. तिथे माझ्याकडे मीटर नव्हता, एवढंच.

"लूप इथे आण," बाबांनी ठोकलं. "माझ्याजवळ. किती लांब आहे ते कळू दे."

मी आणलं. पलंगाच्या पायथ्याशी उभं केलं, मीटरची तार लांबवून टेबल मधल्या खोलीतच ठेवलं. तक्ता आता फार छोटा झाला. मावशी बाबांना चाकाच्या खुर्चीतून आंघोळीला नेत तेव्हा खोली रिकामी, काटा नव्वद. बाबा पलंगावर, सत्तर. बाबा पलंगावर आणि मी उशाशी, पंचावन्न. मी एकटी उशाशी, पंच्याहत्तर. हे चार आकडे मला पाठ झाले.

बाकीचं अंतर मोजायला गणिताची गरज उरली नव्हती. चार दिवस. मग तीन. बाबांचं जेवण कमी झालं. डॉक्टर येऊन रक्तदाब बघून गेले, म्हणाले, तब्येत चांगली आहे. बाबा दिवसभर टकटक करत, पण माझ्याशी नव्हे. जुन्या बंदरांची नावं, जहाजांची खूणनावं, वादळाच्या सूचना. कुणीतरी ऐकत असेल म्हणून हाका मारत असावेत तसं.

६

त्या दिवशी मी कॉलेजात रजा टाकली. कप्तानांना आदल्या दिवशीच सांगितलं होतं की आज अकराला मी हाक देणार नाही. ते म्हणाले, "मी ऐकत बसतो तरीही."

मावशींना मी मीटरपाशी बसवलं. त्यांना एवढंच सांगितलं, की काटा जिथे असेल तो आकडा मोठ्याने वाचायचा, बाकी काही विचारायचं नाही. मी बाबांच्या उशाशी खुर्ची ओढली.

"घाबरलेय मी," मी त्यांना म्हणाले.

"मीही," त्यांनी ठोकलं. "हात धर."

मी त्यांचा डावा हात माझ्या दोन्ही हातांत घट्ट धरला.

"पंचावन्न," मावशी म्हणाल्या.

खिडकीबाहेर कुणीतरी गादी झोडपत होतं. अकरा-नऊ. अकरा-दहा. गादी झोडपायचा आवाज चालूच होता, त्याने मला बरं वाटत होतं.

"बावन्न," मावशी म्हणाल्या. "पन्नास. शेहेचाळीस. ताई, आत कोणी आलंय का आणखी?"

"नाही. तुम्ही वाचा."

"चाळीस. सदतीस."

माझं सगळं लक्ष दाराकडे होतं. दार उघडं होतं, त्यातून मधल्या खोलीतलं टेबल आणि मावशींची पाठ दिसत होती. बाबांचं बोट माझ्या मुठीत वळवळत होतं. मी मूठ आणखी आवळली.

"तीस," मावशी म्हणाल्या, आणि मग, "थांबला."

तेव्हा मी पलंगाकडे वळले. बाबांच्या उजव्या अंगाची गादी बसत चालली होती. कडेने चादर ताणली गेली, तिला चुण्या पडल्या. आणि बाबांचा उजवा हात, दीड वर्षं ओंडक्यासारखा पडून असलेला, गादीवरून हळूच आतल्या बाजूला सरकला. पलंगाच्या कडेला कुणी बसायला आलं की आपण जागा करून देतो ना, तसा.

मी बाबांचा चेहरा बघितला नाही. ते मला आजही भरून काढता येत नाही. मी त्या चुण्यांकडे बघत राहिले.

"वर चाललाय, ताई," मावशींचा आवाज मोकळा झाला होता. "चाळीस. पन्नास. साठ. सत्तर."

गादी सपाट झाली.

"पंच्याहत्तर. राहिला आता पंच्याहत्तरवर. बरं झालं ना?"

मी बाबांचा हात धरून बसले होते. हात ऊबदार होता, मनगटात नाडी लागत होती. छाती वरखाली होत होती. आणि काट्यावर मी एकटी उशाशी असतानाचा आकडा होता. पंच्याहत्तर.

फार उशिरा माझ्या ध्यानात आलं, की त्यांचं बोलायचं एकच साधन मी मुठीत आवळून धरलं होतं. ते वळवळणारं बोट बोलत होतं. मी तळहातावर ते आठवून बघितलं, पुन्हा पुन्हा. सुरुवातीचं हरवलंच. शेवटची खूण तेवढी हाताला आठवत होती. जहाजावरचा माणूस पाळी संपवून यंत्र बंद करताना पाठवतो ती.

७

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी बाबांना चमच्याने चहा पाजत होत्या. बाबांनी त्यांच्या हातातून कप घेतला. उजव्या हाताने.

"साखर जरा कमी घाला," ते म्हणाले.

मावशींनी देवाला हात जोडले. मी दारात उभी होते. बाबांनी माझ्याकडे बघून छान हसून म्हटलं, "ये ना ताई, बस."

आठवड्याभरात ते घरभर चालू लागले. डॉक्टर म्हणाले, अशी सुधारणा क्वचित होते पण होते, आणि त्यांनी दोन कनिष्ठ डॉक्टरांना मुद्दाम बघायला आणलं. धाकटी बहीण फोनवर रडली. "तू केलंस हे, ताई," ती म्हणाली, "तुझ्या सेवेचं फळ आहे."

ते मला ताईच म्हणत. घरात मला ताई म्हणतात त्या मावशी आणि बहीण. ठमे हे नाव फक्त बाबांचं, दीड वर्षं ते कठड्यावरच होतं, मोठ्याने कोणी उच्चारत नसे. मी मनाशी म्हटलं, मेंदूचा आजार आहे, नावं पुसली जातात. एका दुपारी मी कठड्यावर ठोकून बघितलं, "बाबा, मी कोण?"

त्यांनी कौतुकाने माझ्या बोटाकडे पाहिलं. "चांगला ताल आहे," ते म्हणाले.

कप्तानांशी त्यांचं फोनवर बोलणं झालं. पंधरा मिनिटं दोघं हसत होते. फोन माझ्याकडे आल्यावर कप्तान म्हणाले, "छान बोलला गं. फार छान बोलला." आणि मग, "पोरी, त्याने मला ओळखलं नाही. मी जे बोलायचो तेच थोडं फिरवून मला परत देत होता."

"आजारपणात होतं असं," मी म्हणाले.

"हो," ते म्हणाले. "होत असेल."

मी रोज मीटर बघत होते. ते पलंगावर झोपलेले असताना काटा नव्वदवर असे. खोली रिकामी असल्यासारखा.

८

मागच्या मंगळवारी मी अकराला पुन्हा कप्तानांना हाक देत होते. पूर्ण वीज सोडली होती. बाबा आतल्या खोलीत वर्तमानपत्र वाचत होते. माझा हात मोर्स पाठवायच्या किल्लीवर असताना ते उठले आणि लूपजवळ गेले. मला दारातून सगळं दिसत होतं. मी ओरडायला हवं होतं. किल्लीवरचा हात तरी उचलायला हवा होता. तो दाबलेलाच राहिला.

त्यांनी कपॅसिटरच्या काचेजवळचं तांब्याचं उघडं टोक पंजात धरलं.

ठिणगी उडाली नाही. वास आला नाही. काटा होता तिथून तसूभरही हलला नाही. ते तसेच हात धरून उभे राहिले आणि मान वळवून माझ्याकडे बघू लागले. रागाने वगैरे नाही. एखादी गोष्ट आपल्याला ठाऊक आहे हे दुसऱ्यालाही ठाऊक आहे, एवढंच त्या नजरेत होतं.

"हे काढून टाकू या, ताई," ते म्हणाले. "उगाच जागा अडते."

आम्ही दोघांनी मिळून ते काढलं. मी सांधे सोडवत गेले, ते केबल गोळा करत गेले. वेढे एकसारखे घालून, वर सुतळी बांधून. मावशी म्हणाल्या, "बघा, बाप-लेक कसे छान काम करताहेत." संध्याकाळपर्यंत खोली मोकळी झाली. कपॅसिटर मी कप्तानांना परत पाठवला. चिठ्ठीत काय लिहावं ते सुचलं नाही, म्हणून नुसता पत्ता लिहिला.

बुधवारी धाकट्या बहिणीचा फोन आला. सुट्ट्या लागल्या आहेत, चौघं येतोय, बाबांना बघायला मुलं अगदी अधीर झाली आहेत. मी म्हणाले, येऊ नकोस. ती म्हणाली, का? मी कारण शोधत राहिले. पाणी नीट येत नाही, म्हणाले. मला बरं नाही, म्हणाले. "मग तर यायलाच हवं," ती म्हणाली. मी तिला खरं सांगायला तोंड उघडलं तेव्हा ते माझ्या मागे येऊन उभे होते. पावलं वाजली नव्हती. त्यांनी माझ्या हातातून फोन अलगद काढून घेतला.

"या या," ते म्हणाले. "किती जण? चौघं? नाही नाही, अडचण कसली. भरपूर जागा आहे."

फोन ठेवून ते माळ्यावरच्या गाद्या खाली काढायला लागले. चार गाद्या त्यांनी आपल्याच खोलीत, पलंगाभोवती, शेजारी शेजारी मांडल्या. मांडून झाल्यावर जरा मागे सरून बघितलं, एक गादी पायाने पलंगाच्या आणखी जवळ सरकवली आणि मला म्हणाले, उशांना स्वच्छ अभ्रे घाल.

मी कपाटातून अभ्रे काढले आणि एकेक करून घालत गेले.